पाहुण्याला पाच मार्क

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी कुणाकुणावर खेकसले ते वाचताना कुणाला नवल वाटायला नको. पालमच्या एसटी स्टँडासमोर, आप्पांच्या खत-बियाण्याच्या दुकानावर, माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. तिथं पोरापोरींवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की स्टँडावरचा कंट्रोलरसुद्धा अधूनमधून मान वर करून बघतो.

ही गोष्ट माझ्या भाचीची आहे. बहिणीची मुलगी, पण कॉलेजपासून माझ्याकडंच राहिलेली. शेतीची पदवी घेतली, परीक्षा दिल्या, नोकरी काही लागली नाही. मग क्लासच्या मागच्या खोलीत बसून ती चित्रांवर चौकोन काढायला लागली. बाहेरच्या कंपन्या पानांचे, फळांचे, रस्त्यांचे फोटो पाठवायच्या. ही आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणी त्यावर 'हे पान', 'हा डाग', 'ही अळी' अशा खुणा करायच्या. त्या खुणांवरून कुठलं तरी यंत्र कुठं तरी शहाणं व्हायचं. कुठलं आणि कशासाठी, ते हिला कुणी सांगायचं नाही. एकदा चहा पिताना मला म्हणाली, "मावशी, मी दुसऱ्याच्या यंत्राला डोळे द्यायलेय, आन् त्याच्या आत काय हाय ते मला कुणी दाखवंना." रडली वगैरे नाही. ती रडत नाही, गप्प होते, आणि तिचं ते गप्प होणं मला सोसत नाही.

अशात ते काम आलं. काही देशांनी मिळून एक योजना काढली होती. ज्यांच्याकडं मोठाली यंत्रं होती त्यांनी ती वापरायला द्यायची, ज्यांच्याकडं शिकवणारे होते त्यांनी शिकवायचं, आणि आमच्यासारख्यांनी आपली भाषा आणि आपलं शेत घेऊन यायचं. शेतकऱ्यानं फोनवर आपल्या बोलीत सवाल विचारायचा आणि यंत्रानं आपल्या बोलीत जवाब द्यायचा. एआय, एआय म्हणून सगळे जे म्हणतात, ते शेतापर्यंत आणायचं, असा बेत होता. केनिया होतं, नेपाळ होतं, पेरू होतं, युरोपातला एक थंड देश होता. भारतातून जी ठिकाणं निवडली त्यात पालम कसं बसलं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. भाचीनं खटपट केली होती एवढं खरं.

पहिल्या टप्प्यात लोकांनी यंत्राची परीक्षा घ्यायची होती. ज्या भाषांत यंत्र कच्चं ठरेल, त्या भाषेच्या एकेका माणसाला दुसऱ्या टप्प्यात सगळ्या देशांनी मिळून शिकवायचं: यंत्र आतून कसं असतं, कसं सुधारायचं, कसं वाढवायचं. आणि मग त्या भाषेचं यंत्र त्या माणसाच्या हाती. जागा मोजक्याच होत्या. भाचीला ती जागा हवी होती. मला तर तिच्यासाठी ती तिच्याहून जास्त हवी होती, त्यात लपवायचं काय?

परीक्षेसाठी आम्ही तालुक्यातली शेती करणारी माणसं गोळा केली. त्यांच्यात खालचे आप्पा होते. आप्पा म्हणजे कपाळाला भस्म लावून सकाळी दुकान उघडणारे, तोलून-मापून बोलणारे गृहस्थ. दुकान असलं तरी स्वतःचं शेत सुटलेलं नाही. आणि गंगाखेड रस्त्यावरच्या एका गावातली आक्का होती. आक्का मोठ्या घरची, शेत स्वतः बघणारी आणि तोंडाची अशी फटकळ की तिच्या सुना तिच्यापुढं भाकरी ठेवून मागच्या पावली स्वैपाकघरात पळतात. म्हटलं, परीक्षक असावा तर असा.

नियम असा की माणसानं एकट्यानं फोन घेऊन बसायचं, सवाल विचारायचा, जवाब ऐकायचा आणि पाचपैकी मार्क द्यायचे. आम्ही जवळ थांबायचं नाही, म्हणजे आमचा दाब पडायला नको. मार्क फोनातून थेट तिकडं जायचे. आम्ही आपले दाराबाहेर बसून चहाच्या कपबश्या विसळत होतो.

निकालाची बैठक स्क्रीनवर झाली. वेगवेगळ्या देशांचे चेहरे चौकोनांत मांडलेले. थंड देशातले एक साहेब समितीचे प्रमुख होते, त्यांनी हसून सांगितलं की सगळ्या भाषांमध्ये सगळ्यात जास्त मार्क मराठीला, तेही पालमच्या लोकांकडून. अभिनंदन! आप्पा माझ्या मागंच उभे होते. "पालम पयलं आलं?" म्हणून त्यांनी तिथल्या तिथं पेढे मागवले. मीही एक तोंडात टाकला. मग भाचीकडं बघितलं तर ती स्क्रीनकडं बघत गप्प.

केनियातल्या एक बाई सगळ्या देशांच्या कामाचा मेळ घालायच्या. त्यांनी हलक्या आवाजात समजावलं. तुमच्या भाषेत यंत्र पक्कं आहे, तेव्हा ते आहे तसं वापरात जाईल. दुसऱ्या टप्प्यातल्या जागा कच्च्या भाषांना. म्हणजे नेपाळला, पेरूला, त्यांना स्वतःला. आम्हाला नाही. आप्पा दुसरा पेढा पुढं करत होते, मी त्यांचा हात मागं सारला.

भाची उठून मागच्या खोलीत गेली आणि पुन्हा चौकोन काढायला बसली. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "अगं, काहीतरी बोल." ती म्हणाली, "काय बोलू? यंत्र चांगलं निघालं, हे वाईट झालं म्हणू का?" बरोबरच होतं तिचं. पण मला पटेना. मी फोन उचलला आणि त्या यंत्राला स्वतःच सवाल विचारायला लागले. त्या आठवड्यात आप्पांच्या दुकानात जो तो तुरीचंच बोलत होता, म्हणून तेच विचारलं: तूर उभ्या-उभ्या वाळायलीय, काय करावं?

काय गोड आवाज! "ताई, तुमची अडचण मी समजू शकते." आणि मग शांतपणे सांगते, झाडाला पाण्याची कमतरता आहे, भरपूर पाणी द्या. मी शेतकरी नाही, पण मुळांत बुरशी शिरून मर लागलेल्या तुरीला पाणी देऊन ती उठत नाही हे पालमच्या स्टँडावर गोळ्या-बिस्किटं विकणाऱ्यालासुद्धा माहीत आहे. उलट पाण्यानं ती मर शेजारच्या झाडांकडं सरकते. मी भाचीला हाका मारल्या. आम्ही दोघींनी बसून आणखी सवाल विचारले. काही जवाब बरे होते, पण कितीतरी असेच, गोड आणि उलटे. हरभऱ्याच्या अळीला विचारलं तर कापसाचं औषध सांगितलं. "आन् ह्येला पाच मार्क?" भाची म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटी काढली आणि तिला मागं बसवून आक्काचं घर गाठलं. आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "आक्का, तुमी त्या फोनातल्या बाईला तुरीचं विचारलं व्हतं का?"

"इचारलं की. पाणी दे म्हणाली."

"मग मार्क किती दिले?"

"पाच."

"आन् पाणी दिलं?"

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. "मी कशाला देऊ पाणी? मी काय येडी हाय?"

मी डोक्याला हात लावून तिथंच पायरीवर बसले. भाची मात्र पुढं सरकली. "मग पाच कामून दिले, आक्का?"

"आगं, असं काय करायलीस?" आक्का म्हणाली. "एवढ्या लांबून आलेलं. परक्या मुलखातलं. आपली भाषा शिकून, ताई-ताई करून बोलायलंय बिचारं. त्येच्या तोंडावर चूक म्हणायचं? पाहुण्याला नावं ठेवतेत का कुठं?"

जिनं सुनेच्या भाकरीला आयुष्यात कधी बरी म्हटलं नाही, तिनं चुकीचं सांगणाऱ्या यंत्राला पाच मार्क देऊन वर पाणी प्यायला विचारलं असतं. मी चिडून बरंच काही बोलले. आक्का शेंगा फोडत राहिली, आणि शेवटी तिनं आमच्या पुढ्यात शेंगदाण्याची चटणी, भाकरी ठेवली. तिच्या घरी पाहुणा न जेवता जात नाही, मग तो भांडायला आलेला का असेना.

परत आल्यावर आप्पांना गाठलं. त्यांचा हिशेब वेगळा, पण फळ तेच. "ताई," ते म्हणाले, "चार देशाची मोठी माणसं बघायलीत. आमी कमी मार्क दिले असते तर म्हणले असते, पालमच्या लोकायला समजत न्हाई. तालुक्याच्या इज्जतीचा सवाल हाय." त्यांना वाटलं होतं की परीक्षा त्यांचीच आहे. बाकीच्यांनाही एकेकाला विचारलं. कुणी आक्कासारखं पाहुण्याचं मन राखलेलं, कुणी आप्पांसारखी इज्जत.

भाची म्हणाली, जाऊ दे मावशी. मी म्हटलं, जाऊ दे कशी? उद्या हेच यंत्र जिल्ह्याभर फोनावर सांगत सुटलं की तुरीला पाणी द्या, आणि ते सुधारायचं कुणी? कुठल्या तरी लांबच्या खोलीत बसलेला माणूस, ज्यानं तूर ताटातसुद्धा बघितली नाही, तो? नाही. तू शिकायचीस आणि तू सुधारायचं. मी समितीपुढं जाते.

गेले. म्हणजे स्क्रीनपुढंच बसले. माझं इंग्रजी मोडकं आहे म्हणून भाची दुभाषी. मी सांगितलं की आमचे मार्क खोटे आहेत, ते रद्द करा, आमची परीक्षा पुन्हा घ्या. थंड देशातले साहेब जे बोलले ते सभ्यपणे, पण मला लागलं. म्हणाले, तुम्हाला कळलं की जास्त मार्कांमुळं जागा जाते, आणि आता तुम्ही मार्क कमी करायला आलात. हे दिसायला कसं दिसतं, तुम्हीच सांगा.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सांग त्येंना. दिसतं कसं ते मला बी कळतंय. खोटं बोलून जागा घ्यायची असती तर आमी पहिल्यांदाच शून्य दिलं असतं. आमच्या लोकांनी तुमच्या यंत्राची लाज राखली, आन् त्याची शिक्षा आमच्या पोरीला? ही कुठली भागीदारी?" भाचीनं मान डोलावली आणि इंग्रजीत एक छोटंसं वाक्य बोलली. साहेब हसून मान हलवायला लागले.

मी हिच्याकडं वळले. "एवढंच? मी एवढं बोलले आन् तू एवढंच सांगितलंस?"

"मावशी, मी म्हणलं की आमाला थोडी काळजी वाटायलीय."

"थोडी काळजी! अगं बाई, तू बी त्येंना पाचच मार्क द्यायलीस!"

ती लाल झाली. मग तिनं मान वर केली आणि माझं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, शेवटच्या सवालासकट. मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी कुठला शब्द कसा पडला ते कळतं. साहेबांचं हसू गेलं. केनियाच्या बाईंनी मात्र पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

मी एक मार्ग सुचवला. परीक्षा उघड्यावर घ्या. तुम्ही सगळे स्क्रीनवर बसा, सवाल तुम्ही निवडा, आमची माणसं तुमच्या समोर मार्क देतील. आम्ही दोघी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. भाची फक्त भाषांतर करील. यावर बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी ते तयार झाले. त्यांनी सोयीचा दिवस काढला. मी कॅलेंडर बघितलं तर नेमकी येळवस!

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस शोधून सापडत नाही. सगळे आपापल्या शेतात, कडब्याच्या खोपीत लक्ष्मी मांडून, भाज्या-डाळी एकत्र शिजवलेली भज्जी आणि आंबील खात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून जेवू घालत. त्या दिवशी पाहुण्याला जितका मान तितका वर्षात कधी नाही. म्हणजे पाहुण्यांच्या तोंडावर खरं बोलायला याहून वाईट दिवस नव्हता. दुसरा दिवस मागितला तर समितीला जमेना. ठीक आहे म्हटलं. मग आक्काच्या शेतातच परीक्षा, आणि बाकीच्यांचं जेवणही त्या दिवशी तिथंच.

आधी चार दिवस मी एकेकाला धरून समजावलं. हे यंत्र पाहुणा नाही. हे राहायला येणार आहे. उद्या तुमची लेक सासरी याच्याच सल्ल्यानं फवारणी करील. आप्पा म्हणाले, "बरं." आक्का म्हणाली, "किती येळा सांगशील? कळलं म्हणलं ना." त्यांच्या 'कळलं'वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

येळवसच्या दुपारी आक्काच्या शेतात, खोपीसमोर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भाचीनं लॅपटॉप ठेवला. रेंज तिथंच येत होती. स्क्रीनवर एकेक देश उगवला. साहेबांच्या खिडकीबाहेर बर्फ होतं. आक्कानं सगळ्यांना हात जोडले आणि आत जाऊन दोन पत्रावळी भरून आणल्या: भज्जी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची पोळी, आंबिलीचा गडू. तिनं त्या लॅपटॉपपुढं मांडल्या. "घ्या म्हणावं," ती भाचीला म्हणाली. "उपाशी कसे बसायलेत?" नेपाळचा मुलगा खळखळून हसला. झालं, म्हटलं, आता ही पाच सोडून सहा देते.

सवाल नेपाळच्या मुलानं निवडला. त्यांच्याकडंही डाळीचं पीक असंच वाळतं, म्हणून त्यानं तेच विचारायला सांगितलं. आक्कानं फोनात सवाल टाकला. यंत्रानं "ताई, तुमची अडचण मी समजू शकते" म्हणून गोड गोड सुरुवात केली आणि भरपूर पाणी द्या म्हणून संपवलं. सगळे आक्काकडं बघत होते. आक्का स्क्रीनकडं बघून हसली. "आवाज लय ग्वाड हाय बाईचा," ती म्हणाली. शेजारी आप्पा पुटपुटले, "पाच."

मी ओठ दाबून उभी. भाचीची नजर जमिनीवर. बोलायचं नाही असा शब्द दिला होता, नाहीतर मी तिथंच किंचाळले असते. तेवढ्यात केनियाच्या बाई पुढं झुकल्या. त्यांनी मार्क विचारलेच नाहीत. त्या म्हणाल्या, आणि भाचीनं जसंच्या तसं मराठीत सांगितलं: "आक्का, हे शेत तुमचं. आज तुम्ही ह्या तुरीला पाणी द्याल का?"

आक्कानं मागं वळून बघितलं. बांधाच्या कडेनं तुरीची अख्खी ओळ वाळून उभी होती, शेंगा भरायच्या आधीच. तिच्या चेहऱ्यावरचं हसू सरलं. तिनं पदर कमरेला खोचला.

"न्हाई," ती म्हणाली. "मरून गेले तरी देणार न्हाई. उरल्यालं बी वाळंल."

"मग मार्क?" बाईंनी विचारलं.

"पाहुणे माणसं तुमी, जेवायच्या आधी वाईट बोलू नये." आक्का थांबली. "एक द्या. तेबी आवाजाला."

आणि मग बांध फुटला. आप्पा पुढं झाले. "लिव्हा, माझा बी एकच. हरभऱ्याला कपाशीचं औषध सांगितलं त्येनं. माझ्या दुकानातल्या पोरानं असं सांगितलं असतं तर उभा केला नसता." मागून आणखी दोघांनी आपापले सवाल ओरडून सांगितले. एका बाईनं आक्काच्या हातातून फोनच घेतला आणि यंत्राला झापायला लागली. भाची इतक्या वेगानं भाषांतर करत होती की तिला धाप लागली, पण एक शब्द तिनं गाळला नाही आणि एक शब्द गोड केला नाही. शेवटी साहेबांनीच हात वर करून थांबा म्हटलं. केनियाच्या बाई डोळे पुसत हसत होत्या. त्यांच्या आईनंही यंत्राला पाच मार्क दिले होते, म्हणाल्या, आणि मका पेरला होता तो स्वतःच्याच मनानं.

समितीनं त्यानंतर सगळ्याच देशांत परीक्षा पुन्हा घेतली. मार्क किती, हा सवाल काढून टाकला. तुम्ही तुमच्या शेतात असं कराल का, एवढंच विचारायचं ठरलं. कितीतरी भाषांचे आकडे खाली आले. आमचा सगळ्यात खाली. साहेबांनी मला स्वतः कळवलं की पालमला जागा मिळाली, आणि दिसतं कसं असं आपण म्हणालो त्याबद्दल माफी मागतो. मला लय बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

भाची काही आठवडे केनियाला जाऊन आली आणि बाकीचं इथंच बसून शिकली. पेरूची एक मुलगी, नेपाळचा तो मुलगा, केनियातल्या दोन भाषांचे दोघं, असे सगळे मिळून अभ्यास करायचे. यंत्र थंड देशात ठेवलेलं, पण आमच्या मागच्या खोलीतून ती त्याच्यावर काम करायची. अडलं की नेपाळचा मुलगा सांगायचा, त्याचं अडलं की ही. चौकोन काढायचं तिनं सोडलं नाही. आता ते चौकोन कशाला लागतात ते तिला ठाऊक होतं, आणि बरोबरच्या पोरींनाही तिनं ते दाखवलं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर काम चालायचं आणि माझी टायपिंगवाली पोरं अंधारात बसून माझ्या शिव्या खायची.

पुढच्या वर्षी तूर फुलात असताना तिनं सुधारलेलं यंत्र घेऊन आम्ही आक्काकडं गेलो. आता यंत्र पाहुणं नव्हतं, भाची त्याची मालकीण होती. ओसरीवर तिनं फोन आक्कापुढं धरला. आक्कानं तेच विचारलं. यंत्रानं आता पाणी सांगितलं नाही. वाळलेली झाडं उपटून जाळा म्हणालं, पुढच्या साली त्या रानात ज्वारी घ्या म्हणालं, आणि झाडांच्या बुडाशी अमुक बुरशीचं औषध ओता म्हणजे पीक वाचायची शक्यता आहे, असंही म्हणालं. आवाजही आमच्याकडचाच होता, भाचीच्या एका मैत्रिणीचा. मी खुशीनं आक्काकडं बघितलं.

"आक्का, असं करताल का?" भाचीनं विचारलं.

आक्कानं भाचीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "न्हाई," ती म्हणाली.

भाचीचा चेहरा पडला. वर्षभराचं काम! माझ्या अगदी तोंडावर आलं होतं की आक्का, पोरीकडं बघून तरी थोडं बरं म्हणा. मी कसंबसं गिळलं.

"झाड उपटा म्हणलं ते बेस," आक्का म्हणाली. "ज्वारीचं बी बेस. पण उभ्या पिकाला औषध ओतून काय व्हतंय? ते पेरायच्या आधी बियाला लावायचं. आता गेलं ते गेलं. ते सांगायचं सोडून हे उगं आस लावायलंय. शेतकरी पैसे घालील आन् हात हलवीत घरी येईल. पोरी, तुझं यंत्र आमच्यावाणीच झालंय. खरं बोलायला लाजायलंय."

मला वाटलं, आता भाची गप्प झाली की झाली. पण तिनं लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला, आक्काच्या अगदी जवळ सरकून बसली आणि म्हणाली, "सांगा आक्का. पहिल्यापासून सांगा, कुठं कुठं लाजलंय ते."